हातचा एक

जिन्याखाली, बटाट्यांच्या पोत्याशेजारी
वडिलांनी ते खोकं ठेवलं, त्याला बारा वर्षं झाली.
ग्रंथालयाने भंगारात काढलेला संगणक,
झाकण कधी नीट बसलंच नाही,
पंख्याला दमेकऱ्यासारखी घरघर.
मांजर त्याच्यावरच झोपायची.

वडील फेरीबोटीच्या इंजिनखोलीतले.
खोक्यात घातलेली सगळी प्रणाली फुकटची.
फुकट नव्हे गं, म्हणायचे, उघडी.
जे इंजिन खोलून बघता येत नाही
त्याच्या भरवशावर समुद्रात जाऊ नये.
कुठल्याशा देशातल्या अनोळखी माणसाला
त्यांनी एकदा एक चूक कळवली,
तीन ओळी, मोडक्यातोडक्या इंग्रजीत.
त्याने ती दुरुस्त केली, वर आभार मानले.
ते पत्र छापून फ्रिजवर लावलेलं आहे,
माझ्या पदवीच्या फोटोच्या वर.

भाऊ राईगो समुद्रापलीकडे, तुर्कूत, जहाजं जोडतो.
मध्यरात्री त्याचा फोन इथे उतरायचा:
वेल्डिंगच्या ठिणग्या, कँटीनमधलं सूप,
लेकीची दात नसलेली हिरडी.
हिउमाच्या आमच्या अंगणात
रात्रीत किती बर्फ पडला ते बघावं
तसे वडील कॉफीआधी खाली जायचे,
बघायला, रात्रीत किती फोटो पडले.

मार्चमध्ये ते गेले.
मेमध्ये घर विकायचं की नाही यावरून
राईगो आणि मी बोलायचे थांबलो.
खोकं मात्र बोलत राहिलं.
त्याची मुलगी उभी राहिली, ते मला खोक्याने सांगितलं.

नोव्हेंबरात एका सकाळी
फोल्डर रिकामं.
चौदा हजार दोनशे सहा होते. शून्य.
तिकडे त्याने पुसले, म्हणून इकडेही गेले.
यंत्राने आज्ञा पाळली, एवढंच.
मी पोत्यावर बसले. मांजर उठली नाही.

वडील सांगायचे ते तेव्हा कुठे कळलं:
सिंक म्हणजे आरसा, पेटी नव्हे.
आरशात काही साठत नाही.
बेरीज करताना हातचा एक डोक्यात ठेवतात,
मी मिल्वीच्या तळघरात ठेवतो.

मिल्वीकडे गेले. रस्त्यावर चिखल आणि अर्धवट बर्फ.
काकडीच्या लोणच्याच्या बरण्यांमागून
तिने लोकरी मोजा काढला,
मोज्यात डिस्क, डिस्कवर चिकटपट्टी,
चिकटपट्टीवर त्यांचं तिरकं अक्षर: फेब्रुवारी.
म्हणजे त्यांच्या जाण्याआधीचं सगळं होतं.
त्यांचं जाणं नव्हतं.

उतरवता उतरवता एक जोडफाइल दिसली.
आईच्या एका फोटोखालची ओळ
मी आणि राईगोने एकाच संध्याकाळी बदललेली.
माझी: आई, धक्क्यावर, हसते आहे.
त्याची: आई, धक्क्यावर, डोळ्यांवर ऊन आलंय.
कोण खरं, हे यंत्र ठरवत नाही.
दोन्ही ठेवतं, नावापुढे तारीख लावून.
वडिलांनीही एकही पुसली नव्हती.
पाहिली तर असणारच.

रात्री पावणेदोनला मेसेज आला,
मेनंतरचा पहिला:
थांबव ते. फोन पुन्हा भरला.
जागा नव्हती म्हणून पुसले होते मी.

त्याला वाटलं होतं, फक्त त्याच्याकडचे जातील.
मी लिहिलं, मार्चनंतरचे आहेत का कुठे?
बराच वेळ तीन ठिपके हलत राहिले
आणि विझले.

सकाळी खोक्यात एकेचाळीस फोटो होते,
काच फुटलेल्या कुठल्या जुन्या फोनवरून आलेले.
एकात मी पाठमोरी,
हातात फावडं, टोपी वाकडी,
गोठलेल्या मातीला नुसतीच ठोकते आहे.
हा त्याने कधी काढला?
मागे तर कोणी नव्हतं, असं मला इतके दिवस वाटत होतं.

घराचं काहीच ठरलेलं नाही.
शनिवारी मिल्वीकडे गेले
नवी डिस्क घेऊन, मोजा तोच.
चिकटपट्टीवर काय लिहावं ते सुचेना,
तर ती म्हणाली, महिना लिही ना.